बहात्तरच्या थंडीत नोझल घेऊन मिरजगाव ते नागापूर

सगळ्यांना नमस्कार. आधी तब्येती, मग गप्पा.

सुमनताई, गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी जिना बंद केलाय म्हणालात, ते पाळताय ना, की पापड वाळत घालायला गच्ची गाठताच? कोपरगावचे वसंतराव, मोतीबिंदू निघाला हे वाचून बरं वाटलं. आता चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची दगदग संपली. राहुरीची शबाना, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळलं, पण तुझी झोप होते का ते लिहिलंच नाहीस. गणूच्या वडिलांचा खोकला उतरला का? त्यांना म्हणावं, अडुळसा घ्या आणि विडी सोडा, एकट्या अडुळशानं भागत नाही. मी ठीक आहे. साखर थोडी उड्या मारते, मी मारत नाही, एवढाच फरक.

वसंतरावांनी मागच्या वेळी विचारलं होतं की नगर-सोलापूर रस्त्यानं थंडीत जावं का, बघण्यासारखं काय आहे. जावं की. जरूर जावं. पण त्या रस्त्याचा माझा पहिला खरा प्रवास बघण्यासाठी नव्हता. बहात्तरच्या दुष्काळातल्या थंडीत मी मिरजगावाहून नागापूरला गेलो, तो पंचाच्या दोन पदरांत गुंडाळलेला इंजनाचा पंप आणि नोझल मांडीवर घेऊन. आज तीच सहल सांगतो.

तेव्हा नगरकडच्या कर्जतला माझी पिठाची गिरणी होती. गिरणी कसली, एक खोली, एक जातं आणि एक डिझेल इंजन. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं त्या इंजनानं शिकवलं. त्या वर्षी दळायला दाणाच नव्हता, त्यामुळे पट्टा काढून ठेवला होता. अशात मिरजगावच्या बाजूहून निरोप आला की दाजींचा हात मोडलाय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मिरजगावापासून आत तासाभराच्या वाटेवर त्यांची वस्ती. मी सायकल काढली.

जाऊन बघतो तर दाजी ओट्यावर, मनगटाला पट्ट्या, आणि अक्का चुलीपुढं धुमसत बसलेली.

"काय झालं?"

"इंजनानं हाणलं," दाजी म्हणाले. "हँडल मारलं अन् उलटं आलं. गाढवाची लाथ बरी."

"सकाळचं चालूच व्हत न्हाई बघ," अक्का म्हणाली. "दुपारी एका हँडलात धावतंय. पहाटं मातुर मढं."

आता इथं विहिरीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची धावपळ कळायची नाही. विहीर दोन घरांची होती: दाजींची आणि त्यांच्या चुलतभावाची, तात्यांची. झरा इतका बारीक झाला होता की चार दिवस साठलं तर एकदा उपसण्यापुरतं पाणी. एकदा पाळी दाजींची, पुढच्या खेपेला तात्यांची. पहाटे उपसायला लागायचं. मोटेचं पाणी पडायची दगडी कुंडी असते, तिला थारोळं म्हणतात. त्या थारोळ्यावर ऊन आलं की पाळी संपली. उरलेलं पाणी दोन्ही घरांच्या प्यायला आणि जनावरांना. त्यावर वाद नाही, वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. तात्यांकडे बैल होते, ते मोट धरायचे. दाजींचे बैल चाऱ्यावाचून छावणीत गेले होते, त्यामुळे त्यांचा सगळा भार इंजनावर. आणि इंजन पहाटेच्या गारठ्यात हूं की चूं करत नव्हतं. दुपारी एका हँडलात चालू होऊन उपयोग काय? दुपारचं पाणी सगळ्यांचं.

मागची पाळी अशीच गेली होती. बांधापलीकडे दाजींची लिंबाची बाग. कागदी लिंबं, अक्कानं कडेवर घागरी वाहून जगवलेली, त्याच वर्षी पहिल्यांदा फळं धरलेली. मी पाहिलं तर पानं द्रोणासारखी वळली होती.

"शुक्रवारची पाळी गेली," दाजी हळूच म्हणाले, "तर सरपण व्हईल समद्याचं."

मी हँडल मारून पाहिलं, अंग जपून. नोझलचा आवाज ऐकला. ज्यांनी हे इंजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल इंजनाला ठिणगी लागत नाही. आतली हवा दाबून दाबून तापते आणि त्या तापल्या हवेत नोझल डिझेलची फवारणी करतं, की पेटलं. फवारा बारीक असेल तर नोझल 'कर्र' असं कण्हतं. दाजींचं नोझल मुकं होतं. अंगणात सडा घालताना बोटांनी शिंपडलं तर सडा होतो, तांब्या उपडा केला तर चिखल. इथं चिखल होत होता. दुपारी लोखंड गरम असतं म्हणून तो चिखलही कसाबसा पेटायचा. पहाटे लोखंडच सगळी ऊब पिऊन टाकतं, मग पेटायला राहतं काय?

हे काम माझ्या पान्यानं होणारं नव्हतं. नोझल तपासायचं यंत्र नगरलाच. नागापूरला नवे कारखाने उभे राहात होते, त्यांच्या कडेला एका फौजी माणसानं पंप दुरुस्तीचं दुकान टाकलंय असं मी ऐकून होतो. मी नोझलला डिझेल पुरवणारा छोटा पंप खोलला, नोझल काढलं, आणि बुधवारी सकाळी मिरजगावच्या फाट्यावर उभा राहिलो.

एसटी आली ती माणसांनी ठासलेली. मला मागच्या चाकावरची जागा मिळाली. कंडक्टरनं वास घेतला.

"काय हाय त्या पंचात? रॉकेल?"

"इंजनाचा पंप."

"त्याचं अर्ध तिकीट काढू का?"

शेजारच्या बाईंनी लुगडं आवरलं. "माज्या अंगाला लावू नको बाबा. लेकीकडं चालले, जावई म्हनंल सासू डिझेलवर चालती."

सगळी गाडी हसली. दुष्काळात माणसं हसत नव्हती असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडी फोडणाऱ्यांच्या रांगा होत्या, गाडी हळू झाली की खिडकीतून ओळखीची हाक यायची, "आगं पारू, तिकडं पाऊस झाला तर चिठ्ठी टाक." आज तुम्ही ज्या रुंद रस्त्यानं भुर्रकन जाल, त्याची खडी त्या हातांनी फोडलेली आहे. तेवढं जाताना मनात असू द्या.

रुईछत्तीशीला गाडी थांबली. चहा पंधरा पैसे, गुळाचा, आणि बशीत ओतला तर तळ दिसेल इतका पातळ. पण थंडीत तोच अमृत. पुढं नगर जवळ आलं की उजव्या हाताला लांब डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसतो. वसंतराव, तो मात्र सावकाश बघा. मी त्या दिवशी पाहिला तो पंचाची गाठ सुटतेय का हे बघता बघता.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो, तिथून मनमाड रस्त्यानं नागापूर. थोडा टांग्यानं, उरलेला पायी. रस्ता विचारत गेलो तर प्रत्येकजण म्हणे, "हवालदाराचं दुकान? ते काय, शिव्या ऐकू येतात तिकडं जा."

हवालदार पन्नाशीचे, मिशा पिळदार, अंगात फौजेचा जुना स्वेटर. नाव शिंदे, पण त्यांना कुणी शिंदे म्हणत नसे. मी पंचा सोडला. त्यांनी नोझल यंत्राला जोडलं आणि दांडा ओढला. नोझलच्या तोंडून डिझेलची एक धार निघाली, जाड, वाकडी.

"हे नोझल न्हवं," ते म्हणाले, "म्हातारं चूळ थुकतंय."

मग त्यांनी ते खोललं. आतली सुई केसाइतकीही सैल चालत नाही, इतकी नेमकी बसवलेली असते. ती अडकली होती. चिमट्यानं ओढून काढली, उजेडात धरली आणि माझ्याकडं पाहिलं.

"गिरणीवाले, लगीन कुनाचं हुतं?"

"कसलं लग्न?"

"ह्याला हळद लागलीय."

सुईच्या अंगाला पिवळट-तांबडा चिकट लेप होता. मी बोटानं चोळला, वास घेतला आणि उकललं. खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. नांगर, कोयता, पहार, सगळ्यांची. दाजींनी नव्या इंजनाचा मान म्हणून पंप, नळी, नोझल खोलून राखेनं लख्ख घासलं, अक्कानं ताटात मांडून मनापासून हळद-कुंकू वाहिलं. नळ्यांची तोंडं उघडीच. डिझेलची गाळणी असते ती टाकीच्या बाजूला. तिच्या पुढं गेलेल्या हळदीला अडवणार कोण?

मी हे सांगितलं तर हवालदार हसता हसता बाकावर बसले.

"आवं, देवाला गंध कपाळाला लावत्यात. नाकात घालत न्हाईत."

मग गंभीर झाले. "हँडल उलटं मारतंय का?"

"हात मोडला माणसाचा."

त्यांनी पंप उपडा केला. "ह्याच्याखाली पातळ पत्रा हुता, तो कुठंय?"

मी काढला तेव्हा पत्रा नव्हताच, तसं सांगितलं.

"मग कुनीतरी आदीच काढला. पत्रा न्हाई म्हनून पंप खाली बसला, डिझेल येळंच्या आदी आत गेलं, अन् दट्ट्या वर यायच्या आत पेटलं. मग उलटं न्हाई मारनार तर काय करंल?"

म्हणजे एक खोडी अक्काची, एक दाजींची. मला आतून बरंच वाटलं. एकाचीच असती तर घरात महिनाभर चूल पेटली नसती.

पण खरा घोर पुढंच होता. सुई धुऊन उपयोग नव्हता, तिच्यावर ओरखडे आले होते. जोडीचं नवं नोझल हवं, आणि दुकानात त्या मापाचं शिल्लक नव्हतं. "उद्या सकाळच्या गाडीनं पुन्याहून पार्सल येतंय," ते म्हणाले. "आलं तर आलं."

"आणि नाही आलं तर?"

"तर परवा."

परवा म्हणजे शुक्रवार. माझं तोंड लपत नाही. हवालदारांनी माझ्याकडं पाहून आतल्या खोलीकडं हाक मारली, "भाकरी एक वाढव गं."

त्यांच्या बायकोनं रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी आणि हुलग्याचं पातळ माडगं वाढलं. मिलोची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच खावी, नाहीतर तिच्यावर चप्पल शिवता येते. जेवताना हवालदार लडाखच्या गोष्टी सांगत होते. तिथं पहाटे डिझेल तुपासारखं गोठायचं. गाड्यांच्या पोटाखाली शेगड्या ठेवायच्या, तेल गरम करून ओतायचं.

"तुमच्याकडं थंडी कसली," ते म्हणाले, "पन लोखंडाला तेवढी पुरती. आन् लोकं काय करत्यात, हवेच्या तोंडापाशी पेटता बोळा धरत्यात. ती राख आत जाती. त्यापरीस इंजन गार ठेवायला पानी खेळतं त्या पोटात दोन बादल्या कढत पानी घाला."

"पाण्याचाच दुष्काळ आहे."

"तेच पानी खालून काढून म्हशीला पाजा की. इंजन काय पीत न्हाई."

त्यांची बायको म्हणाली, "ह्यांना विचारा, माज्या आंगुळीला कढत पानी कदी दिलं का? इंजनाची माया लई."

दुकानातच अंथरूण टाकलं. गुरुवारी सकाळी मी उठल्यापासून रस्त्याकडं डोळे लावून. पार्सल आलं. मेणकागदात गुंडाळलेलं ते बोटाएवढं लोखंड बघून मला किती हायसं वाटलं, ते कसं सांगू. हवालदारांनी ते यंत्राला लावून दांडा ओढला. 'कर्र' असा आवाज आणि तोंडापुढं धुकं. थेंब नाही, धार नाही, पहाटे नदीवर उठतं तसं धुकं. त्यांनी पंपाखाली घालायला दोन पातळ पत्रे दिले, नळ्यांच्या तोंडांत लाकडाची बुचं ठोकली आणि बजावलं, "हँडल धरताना आंगठा बोटांच्याच बाजूला. मूठ वळायची न्हाई. उलटं आलं तर हात सुटला पायजे." मजुरीत एक पैशाची सूट दिली नाही. मला ते आवडलं. ज्याच्या कामाला मोल आहे त्यानं ते घ्यावं.

माळीवाड्याला आलो तर आमची एसटीच थंडीनं आखडलेली. ड्रायव्हर घाम गाळतोय आणि गाडी नुसती कण्हतेय.

"सगळे उतरा, धक्का द्या."

"तिकिटाचं पैसं देऊन वर धक्का?" एक म्हातारे म्हणाले.

"आजोबा, तुमी आत बसा. तुमच्या वजनानं गाडी पळंल."

आम्ही ढकलली. मी पंप गळ्यात बांधून ढकलली. गाडीनं पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि धावली, आणि आम्ही तिच्यामागं. सकाळच्या गाडीनं प्रवास करणार असाल तर खेटरं बळकट घाला, हा माझा त्या काळचा सल्ला.

वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का वाटेवरच उभी. मी बसलो, पाणी प्यालो आणि दोघांना समोर बसवून दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी हळदीची सांगितली. दाजींना जोर चढला.

"बघ. मी म्हनलंच हुतं, यंत्राला हळद कसली? ही बया उद्या विजेच्या तारंला तोरन बांधंल."

मग मी पत्र्याची सांगितली. दाजी मनगटाच्या पट्ट्या चाचपू लागले.

"दाजी, पंपाखाली पातळ पत्रा होता ना?"

"हुता," ते म्हणाले. "मला वाटलं घान हाय. टाकून दिला."

अक्का पदर तोंडाला लावून चुलीकडं गेली, आणि आतून तिचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी ऐकलं, असं दाजींच्या तोंडावर दिसलं. ते स्वतःही हसले, मोडका हात सावरत.

संध्याकाळी सगळं जोडलं. पहाटे आम्ही विहिरीवर. थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. अक्कानं बंब पेटवला होता, ती दोन बादल्या कढत पाणी घेऊन आली. इंजनाच्या अंगातून वाफ निघाली. तिकडून तात्या आपल्या गाई-म्हशी घेऊन आले आणि थारोळ्याजवळ उभे राहिले. रीतच होती, ऊन आलं की त्यांची जनावरं पाण्यावर.

"का रं पाव्हण्या, आज तरी बोलतंय का नवरदेव?"

"बघू तात्या."

हँडल मारायचं काम माझं. दाब सोडायचा खटका असतो, तो अक्काच्या हातात. वेग आला की मी म्हणायचं, तिनं सोडायचा. मी फिरवलं, फिरवलं, म्हणालो, "सोड." इंजन एकदा धडकलं आणि थांबलं. नोझल मुकंच.

पुन्हा मारलं. मुकंच. पूर्वेकडं तांबडं फुटलं होतं. दाजी बागेकडं तोंड करून उभे राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की नळीत हवा अडकली असणार, पंप खोलून जोडला की अडकतेच. मी नळीचा नट सैल केला, पंप हातानं हलवत राहिलो. आधी फेस आला, बुडबुडे आले, येतच राहिले. मागं उजेड वाढत होता आणि मला वळून बघायचं धाडस नव्हतं. शेवटी फेस थांबून नुसतं डिझेल वाहिलं. नट आवळला. हँडल हळू फिरवलं, आणि आतून आवाज आला. कर्र.

"अक्का, खटका."

फिरवलं, अंगठा बाहेर ठेवून, सगळा जीव एकवटून. "सोड."

फट. मग थोडं थांबून फट, फट. चाक थरथरलं, पांढरा धूर निघाला, तो निळा झाला, आणि मग तो एकसारखा ठोका लागला, जो माझ्या गिरणीत मी हजारदा ऐकला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. नळातून पाणी उसळलं आणि पाटाला लागलं. दाजी डाव्या हातात फावडं घेऊन बारं द्यायला, म्हणजे पाणी झाडाझाडाकडं वळवायला, पळाले. अक्का खटक्यावर हात तसाच ठेवून उभी होती, तिला सोडायचं भान नव्हतं.

मी आता वळून पाहिलं. थारोळ्यावर ऊन आलेलं होतं. चांगलं अर्ध्यापर्यंत. म्हणजे नळीतली हवा काढत असतानाच पाळी संपली होती.

तात्या थारोळ्याला पाठ करून उभे होते. गाईची वेसण घट्ट धरलेली, ती पाण्याकडं मान ताणत होती आणि ते तिला हळू आवाजात रागावत होते. मी जवळ गेलो.

"तात्या, ऊन—"

"मला मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "तुज्या दाजीला सांग, लांबच्या झाडास्नी आदी पाज. कडंची झाडं वाळत्यात पयली."

बागेतली शेवटची ओळ भिजेपर्यंत त्यांनी जनावरं सोडली नाहीत. मग दोन्ही घरांची गुरं एकदमच प्यायला आली.

दुसऱ्या दिवशी मी सायकलीवर कर्जतला परतलो. गिरणी तशीच बंद, वर कोळ्यानं जाळं धरलेलं. मी इंजन पुसलं, नळ्यांच्या तोंडांत चिंध्यांऐवजी लाकडाची बुचं बसवली आणि पायरीवर बसून राहिलो. नगरला जाऊन मी काय आणलं, याचा हिशेब मनात लागत नव्हता. नवं नोझल आणलं, हे खरं. पण बाग जगली ती त्या लोखंडामुळं किती आणि गाईची वेसण धरून पाठ फिरवलेल्या माणसामुळं किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. काढायची गरजही वाटत नाही.

आता गाड्या किल्ली फिरवली की सुरू होतात, आणि ते चांगलंच आहे. तुम्ही त्या रस्त्यानं जा. थंडीत जा, सकाळी लवकर निघा, मिरजगावच्या आसपास कुठं लिंबाची बाग दिसली तर थांबून सावलीत बसा. पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

जाऊन आलात की रस्ता कसा आहे, चहा कसा आहे ते कळवा. न जाताही लिहिलंत तरी चालेल. सुमनताई, गुडघ्याचं खरं खरं लिहा, आणि शबाना, बाळाचं नाव काय ठेवलंत ते या दोन-चार दिवसांत कळव. मी रोज सकाळी चहाबरोबर तुमच्याच ओळी शोधतो, फार वाट बघायला लावू नका.